अक्का आणि वॉर्डातली दुखणी

दवाखान्यात आल्या की अक्का हेल्मेट काढून माझ्या टेबलावर उलटं ठेवायच्या, त्यात स्कूटरची किल्ली टाकायच्या आणि म्हणायच्या, "नांव सांग. पुढचें मी पाहतें."

नाव म्हणजे रुग्णाचं नाव. आमच्या छातीच्या दवाखान्यात त्यांच्या वॉर्डातलं कोण आलं, कशासाठी आलं, तपासणीत काय निघालं, हे नगरसेविका म्हणून आपल्याला कळलंच पाहिजे अशी त्यांची पक्की समजूत होती. मी नाव सांगत नसे. मग त्या हेल्मेट उचलून "सरि, बरें, उद्यां येतें" म्हणत निघून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरंच यायच्या.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असणार. कुणाचा गुडघा धरला, कुणाचं पोट बिघडलं, कुणाची सून सारखी डॉक्टरकडे जाते, हे त्या घराआधी त्याला कळतं. तुम्ही त्याला नावं ठेवता, आणि घरात कुणाच्या छातीत कळ आली की पहिला फोन त्यालाच लावता. अक्का तशाच. फरक इतकाच, की हे काम आपल्याला लोकांनी मतं देऊन सोपवलंय असं त्यांना वाटे.

मी मिरजेची. नवऱ्याची बँकेतून कुंभकोणमला बदली झाली तेव्हा घरात बसून सांबार बिघडवत राहण्यापेक्षा काम शोधलेलं बरं, असं मी ठरवलं. एका धर्मादाय संस्थेच्या दवाखान्यात पहिलं वर्ष औषधांच्या खिडकीत काढलं. भाजीपुरतं तमिळ खोकल्यापर्यंत पोहोचलं तेव्हा मला टेबल मिळालं. क्षयाच्या रुग्णांशी बोलायचं, औषध मधेच सोडू नका म्हणून त्यांना पटवायचं, आणि त्यांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही, हे माझं काम. स्वभावाने मी जरा कोरडी. माझी चौकशी कुणी केलेली मला खपत नाही, मग दुसऱ्यांची कुणी माझ्याकडे केलेली कशी खपेल?

अक्कांची पहिली भेट मात्र दुखण्यावरून झाली नाही. जेवणाच्या सुट्टीत मी आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "अगो, तूं मराठी बोलतेस कीं!"

वळून पाहिलं तर सुती साडी, केसांत मोगरा, काखेत हेल्मेट. मला वाटलं मिरजेचंच कुणी भेटलं. पण त्या पुढे बोलू लागल्या आणि मी बघतच राहिले. कित्येक पिढ्यांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या घरांची मराठी ती. बोलता बोलता मधूनच एखादा जुन्या बखरीतला शब्द यायचा, त्याच्या पाठोपाठ ठसठशीत तमिळ. मला हसू आवरेना. अक्कांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"तुमच्याकडे भाषा फार मोडली आहे," त्या म्हणाल्या. "परवायिल्लै, असूं दे. घरीं येत जा. नीट होईल."

मी जात राहिले. माझी भाषा काही नीट झाली नाही, पण त्यांच्या घरची फिल्टर कॉफी अंगवळणी पडली. त्यांचा कुणी पूर्वज तंजावरच्या दरबारात होता. काय होता, यावर घरात एकमत नव्हतं. अक्का म्हणत शिलेदार. त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणत, "हत्तीला चारा देणारा." घरात हा वाद मराठीत चाले आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की दोघेही तमिळ.

वॉर्डात अक्कांची स्कूटर आली की काही माणसं पुढे यायची आणि काही लपायची. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या हॉटेलात एक निवृत्त हेडमास्तर रोज बसत. त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं होतं. अक्का रस्त्यावरूनच स्कूटर न थांबवता ओरडून विचारायच्या, "सार, आता नीट बसता येतं का?" ज्या माणसासमोर शाळेच्या शाळा चिडीचूप व्हायच्या तो माणूस वर्तमानपत्र उघडून त्यात शिरायचा. एकदा तर त्यांनी ते उलटंच धरलं होतं, असं हॉटेलवाला सांगे.

मी अक्कांना म्हटलं, "अहो, असं चारचौघांत विचारतात का?"

"मग कोठें विचारूं? घरीं गेलें तर ते झोपल्याचें सोंग करतात."

पण नुसतंच हसून सोडावं अशातल्या त्या नव्हत्या. एका रिक्षावाल्याच्या आईचं उदाहरण सांगते. पहाटे दारात रांगोळी काढताना ती म्हातारी हल्ली मधेच थांबते, भिंतीला हात लावून उभी राहते, हे घरातल्यांनी पाहिलं नव्हतं. अक्कांनी येता-जाता पाहिलं. त्यांनी तिला हाताला धरून स्कूटरवर बसवलं आणि थेट आमच्याकडे आणलं. म्हातारी सगळ्या वाटेवर त्यांना शिव्या देत होती. तिच्या छातीत पाणी झालेलं निघालं. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती म्हातारी आजही रांगोळी काढते आणि आजही अक्कांना शिव्या देते, आता आठवणीने.

म्हणून त्यांना 'नाही' म्हणणं मला सोपं जात नसे. भोचक माणसाला दार लावता येतं. भोचक माणूस जीव वाचवायला लागला की पंचाईत होते.

अक्कांची दुसरी खोड म्हणजे वॉर्डाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. केलेलं प्रत्येक काम फोटोसकट तिथे जायचं. गटार साफ झालं, गटाराचा फोटो. दिवा लागला, दिव्याचा फोटो. कुणी इस्पितळात असेल तर खाटेशेजारी मोसंब्यांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या अक्का. खाली हात जोडलेले आणि फुलं. लोकांनी निवडून दिलंय तर त्यांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यात लबाडी नव्हती. शाळेतलं पोर घरी येऊन वही दाखवतं, तितक्या सरळपणाने त्या दाखवत.

मग ती टोपल्यांची योजना आली. क्षयाच्या रुग्णाला औषधाइतकीच खाण्याची गरज असते. ज्यांना परवडत नाही अशांना महिन्याच्या महिन्याला डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध पावडर अशी टोपली कुणीतरी द्यावी, लोकप्रतिनिधींनी त्यात पुढाकार घ्यावा, असं ठरलं. अक्कांनी ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं, "माझ्या वॉर्डांतले सगळे माझे. नांवें दे."

"आधी एकेकाला विचारावं लागेल," मी म्हटलं. "तुमचं नाव अक्कांना सांगू का, म्हणून. हो म्हणाले तरच."

अक्का मनापासून चकित झाल्या. "मला निवडलें कोणीं? त्यांनींच ना? मग आतां पुन्हां कसली परवानगी?"

"मत दिलंय, अक्का. खोकला नाही दिला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हेल्मेट उचलत म्हणाल्या, "मिरजेचीं माणसें बोलायला चोखट. कामाला कशीं आहांत ते पाहूं."

मी एकेकाला विचारलं. काहींनी हो म्हटलं, काहींनी टोपली नको पण नाव सांगू नका म्हटलं. एका बाईने विचारलं, "अक्का टोपली घेऊन आल्या तर शेजारीण विचारणारच, मी काय सांगू?" आणि एकाने बराच वेळ विचार केला. तो स्वयंपाकी होता.

त्याच्याबद्दल मी इथे लिहितेय ते त्याला विचारून. तो म्हणाला, लिहा, पण नाव नको, आणि माझं रसम कुंभकोणमात एक नंबर आहे हे लिहा. तर, त्याचं रसम कुंभकोणमात एक नंबर आहे. लग्नाची, बारशाची, साठीशांतीची जेवणं तो करायचा. मोठमोठी पितळी पातेली त्याच्या वडिलांची, पितळकामाच्या गावाहून, नाचियारकोविलहून, घडवून आणलेली. मुहूर्ताच्या महिन्यांत त्याला बोलवायचं तर यजमानाला आधी त्याची तारीख बघून मग लग्नाची ठरवावी लागे, असं तो सांगे. यातलं थोडं रसमासारखंच पातळ करून घ्यावं, पण हात खरंच चांगला.

अशा माणसाला क्षय निघाला. औषधं सुरू झाली, काही आठवड्यांनी पुन्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं, "आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही. कामावर जा, पण गोळ्या पुऱ्या कर." पण स्वयंपाक्याला खोकला होता एवढं कळलं तरी कोण बोलावणार? सगळं घर त्या कामावर चाललेलं. घरी बायको, शिकणाऱ्या दोन मुली.

"अक्कांना सांगा," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी माझ्या बायकोच्या बाळंतपणात धावपळ केली होती. पण फक्त अक्कांना. गल्लीत नको."

मी तसंच लिहून घेतलं आणि अक्कांना तसंच सांगितलं. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

त्यांनी शपथ मोडली असं मी म्हणणार नाही. त्यांना वाटलं आपण पाळली. टोपली घेऊन त्या त्याच्या घरी गेल्या, फोटो काढला, आणि ग्रुपवर टाकण्याआधी त्याच्या तोंडावर मोठं झेंडूचं फूल चिकटवलं. खाली लिहिलं, आपल्या वॉर्डातल्या एका क्षयरुग्ण बंधूला आज पोषण टोपली दिली, तो लवकर बरा होवो. नाव नाही, पत्ता नाही, तोंड नाही. आपण फार शहाणपणाने वागलो या आनंदात त्यांनी तो फोटो मलाही पाठवला.

झेंडूच्या फुलामागे भिंतीला टेकवून पितळी पातेली ठेवली होती. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसं तिथेही घालतात. आजकाल फोटो बोटांनी मोठा करून बघता येतो. पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं त्याच्या वडिलांचं नाव अख्ख्या वॉर्डाने वाचलं. जे कुठल्याशा लग्नात त्याच पातेल्यातलं जेवले होते त्यांना तर नाव वाचायचीही गरज नव्हती.

मी फोन करून फोटो ग्रुपवरून काढून टाकायला लावला. पण तोवर तो वॉर्डाबाहेर गेला होता.

पुढच्या आठवड्यात त्याची ठरलेली लग्नाची कामं एकेक करून रद्द झाली. कुणी खरं कारण सांगितलं नाही. एकाकडे जेवणाचा बेतच बदलला, एकाकडे मंडपवाल्याचाच स्वयंपाकी निघाला. स्वयंपाकी माझ्याकडे आला. मला वाटलं ओरडेल. त्याने फक्त विचारलं, "मी फक्त अक्कांना म्हटलं होतं ना, मॅडम?"

"हो. मी तसंच लिहिलंय."

"मग बरं," तो म्हणाला. "माझंच काही चुकलं का, ते बघायचं होतं."

त्यानंतर तो औषधाला येईना. पापनाशमला मेव्हण्याकडे गेला असं बायकोने सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर कुणी पाहील म्हणून तो इकडे फिरकणार नव्हता. क्षयाचं औषध मधेच सोडलं की रोग चिवट होतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. हे मला पाठ होतं, दिवसातून कितीतरी वेळा मी ते लोकांना सांगे. त्या आठवड्यात ते मला झोपू देत नव्हतं.

अक्का आल्या तेव्हा मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याच बोलल्या. "तोंड तर झांकलें होतें!"

त्या पुन्हा म्हणाल्या, "झांकलें होतें गे." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज खाली आला होता.

मग त्यांचा स्वभाव उसळला. सभा घेऊ, डॉक्टरीणबाईंना बोलावू, तो आता निर्धोक आहे म्हणून माइकवर सांगू, ग्रुपवर टाकू! ज्या विहिरीत पडल्या तिचंच पाणी उपसून बाहेर यायला निघाल्या. मी म्हटलं, "अक्का, त्याला विचारलंत?"

त्यांनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

आम्ही दोघी पापनाशमला गेलो. मेव्हण्याच्या घरामागे तो केळीच्या पानांच्या गड्ड्या बांधत होता. अक्का त्याच्याशी तमिळमध्ये बोलल्या, नेहमीच्या निम्म्या आवाजात. "तंबी, भावा, चूक माझी. माझ्या यजमानांची सत्तरी आहे. जेवण तू कर. सगळ्या वॉर्डाला बोलावते, सगळ्यांदेखत पहिला घास मी घेते. मग बघू कोण काय म्हणतो ते."

मला ती कल्पना आवडली. तुम्हालाही आवडली असती. डोळ्यांसमोर पंगत दिसायला लागली.

तो म्हणाला, "नको, अक्का."

"का रे?"

"पुन्हा फोटोच होईल तो. या खेपेला फुलाशिवाय."

अक्कांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मदत करायला निघालेल्या माणसाला मदत नको म्हणून सांगितलं की तो रागावतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय. अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी एक गड्डी ओढून घेतली आणि दोरी बांधायला लागल्या. थोड्या वेळाने विचारलं, "मग तुला काय हवंय? तूच सांग."

त्याला काही नको होतं. कुणी काही बोलू नये, एवढंच. बोलणं आपोआप विझेपर्यंत तो तिथेच राहणार होता. औषध घ्यायला तयार होता, पण दवाखान्यात यायला नाही, आणि कुणी मेव्हण्याच्या दारात आलेलंही चालणार नव्हतं.

"मी स्टेशनवर आणून दिलें तर?" घाईत त्यांनी हे मराठीत विचारलं आणि मग तमिळमध्ये पुन्हा. "चालेल का? नाही म्हटलंस तरी चालेल."

तो हो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी तशी सोय लावून दिली.

मग अक्का औषधं घेऊन पॅसेंजर गाडीने पापनाशमला जायला लागल्या. स्कूटर नाही, कारण ती सगळा तालुका ओळखत होता. फलाटावरच्या बाकावर बसायच्या, तो यायचा, गोळ्या घ्यायचा, आधीची रिकामी पाकिटं दाखवायचा. दोघं चहा पीत. पुढची गाडी पकडून अक्का परत यायच्या. वॉर्डात विचारणाऱ्याला सांगायच्या, "नवस आहे." लोकांना ते पटलं. अक्कांना उतारवयात भक्ती सुचली, असं कौतुक सुरू झालं, आणि खोट्या भक्तीचं ते कौतुक त्यांना निमूटपणे ऐकून घ्यावं लागे. पोस्टमास्तर मला एकदा हळूच म्हणाले, "घरींसुद्धां सांगत नाहीं, कोठें जाते ती. शिलेदाराची नात शोभते खरी." हत्तीचा चारा त्या दिवशी त्यांनी काढला नाही.

औषधांचा काळ पुरा झाला. तो बरा होऊन घरी परतला. काही महिन्यांनी एका लग्नात ठरलेला स्वयंपाकी ऐनवेळी पळाला आणि वधूपिता याच्या दारात येऊन उभा राहिला. जेवण उत्तम झालं. लोकांची जीभ जशी बोलायला लांब तशी चवीलाही. हळूहळू त्याच्या तारखा भरायला लागल्या, आणि कुणी काही बोललं नाही.

आमदारांच्या कार्यालयाने एक कार्यक्रम ठरवला तो त्यानंतरचा. मैदानात मांडव, व्यासपीठावर टोपल्यांचं वाटप, आणि प्रत्येक वॉर्डातून रुग्णांनी रांगेने येऊन टोपली घ्यायची. नगरसेवकांना नावं पाठवायला सांगितलं होतं. अक्कांच्याकडे नावं होती, रुग्णांनीच दिलेली. त्यांनी ती पाठवली नाहीत. कार्यालयातून फोन आला तेव्हा मी समोरच होते.

"टोपल्या व्यासपीठावर ठेवा," अक्का म्हणाल्या. "हार घाला हवं तर त्यांना. माणसं घरी राहू द्या."

पलीकडून बरंच काही बोललं गेलं. अक्का ऐकत होत्या. "त्यांनी मला सांगितलंय, साहेबांना नाही सांगितलेलं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. राजकारणातल्या बाईला हे किती महाग पडतं, ते मला पुढे कळलं. रस्त्यावरच्या फ्लेक्स बॅनरवर त्यांचा फोटो आधी कोपऱ्यात गेला, मग तिकिटाएवढा झाला, मग राहिलाच नाही. "चोखट झालें," त्या म्हणाल्या. "त्या फोटोंत मी म्हातारी दिसत होतें." म्हणाल्या खऱ्या, पण त्या रस्त्याने जायचं टाळत.

मला त्या आवडत होत्याच. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर जीव टाकायला लागले.

आणि मग एका सकाळी त्या आल्या, आणि नाव विचारायला आल्या नव्हत्या. तपासण्या झाल्या. आमच्याकडच्या झाल्या, मग तंजावरला मोठ्या दवाखान्यातल्या. काय निघालं ते इथे लिहीत नाही.

प्रत्येकाला विचारते ते मी त्यांनाही विचारलं. "अक्का, कुणाला सांगायचं?"

"यजमानांना मी सांगतें." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आणिक एक आहे. त्यालाही मीच सांगेन. बाकी कोणाला नको."

तो एक कोण, हे मी विचारलं नाही. मला वाटलं असेल एखादा भाऊ.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ज्या बाईने उभ्या वॉर्डाची चौकशी केली तिची चौकशी करायला उभा वॉर्ड माझ्याकडे आला. हेडमास्तर आले. आमच्या दवाखान्याची पायरी कधीही न चढलेला तो माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिला आणि काही न विचारताच उठून गेला. रिक्षावाल्याची आई आली आणि मलाच शिव्या देऊन गेली. आमदारांच्या कार्यालयातून फोन आला, चेन्नईला नेऊ, सगळं करू, फक्त काय आहे ते सांगा. मी म्हटलं, अक्कांना विचारा. त्यांनी अक्कांना विचारलं. अक्कांनी आभार मानले आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मला मात्र माझ्या चेहऱ्याचीच भीती वाटायची. भाजी घेतानासुद्धा मी हसून बोलायची, कारण माझे डोळे भरलेले दिसले असते तर लोकांनी त्यावरूनच ओळखलं असतं.

मार्गशीर्षात अक्का गेल्या. तिकडे त्याला मार्गळी म्हणतात. दारादारांत मोठ्या रांगोळ्या काढायचा महिना, पण त्या दिवशी त्यांच्या गल्लीत कुणी काढली नाही. दुपारपर्यंत भिंतीभिंतींवर श्रद्धांजलीची पोस्टरं लागली. बॅनरवरून नाहीसा झालेला फोटो आता पुरुषभर उंच झाला होता.

तेराव्याचं जेवण करायला पोस्टमास्तरांनी त्याच स्वयंपाक्याला बोलावलं. सगळा वॉर्ड पानावर बसला. आमदारही आले, साधेपणाने सगळ्यांच्या रांगेत बसले. नेमके माझ्या शेजारी. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"काय झालं होतं हो अक्कांना?" त्यांनी हलकेच विचारलं. "आता सांगायला काय हरकत आहे?"

"परवानगी द्यायला त्या नाहीत आता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात स्वयंपाकी रसमाची बादली घेऊन आमच्यापर्यंत आला. आमदारांनी वर पाहिलं. "तू तर वॉर्डातलाच," ते म्हणाले. "तुला तरी ठाऊक असेल, त्यांना काय झालं होतं ते."

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

माझा हात पानावरच थांबला. अक्का स्वतः जाऊन ज्याला सांगणार होत्या तो दुसरा माणूस कोण, ते मला तेव्हा कळलं.

आमदार वाट बघत राहिले. आजूबाजूचे दोन-चार जणही जेवायचे थांबले. त्याने पळी बादलीत बुडवली, भरून वर काढली आणि विचारलं, "रसम वाढू का, साहेब?" आणि ते हो म्हणेपर्यंत तसाच उभा राहिला.